उंदीर चावल्याचा ताप

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी आपटा, जिते ही स्टेशने मागे टाकते आणि पेणच्या अलीकडे हमरापूर लागते. पेण तालुक्यातले हे गाव गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. हमरापूर, शेजारचे जोहे आणि आसपासच्या गावांत मूर्तींचे कारखाने आहेत आणि तेथे वर्षभर काम चालते. गणपती आला म्हणजे त्याचे वाहन आलेच. त्यामुळे येथे दरवर्षी मूर्तींबरोबर किती लहान लहान उंदीर घडत असतील याची गणतीच नाही!

विद्यार्थी मित्रांनो, आज आपल्याला बोलायचे आहे ते मात्र खऱ्या, जिवंत उंदराविषयी. हमरापूरच्या भोवती भातखाचरे आहेत, पलीकडे खाडीलगतची खारजमीन आहे. जेथे भात तेथे उंदीर, हे कोकणातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. शेताच्या बांधात, पेंढ्याच्या उडवीत, घराच्या माळ्यावर आणि सामानाच्या अडगळीत त्याची वस्ती असते. सहसा तो माणसाला टाळतो. पण हाताखाली सापडला किंवा झोपेत बोटाला खाण्याचा वास लागलेला असला, तर तो चावतो. अशा चाव्यातून क्वचित एक विलक्षण आजार होतो. तो ओळखताना चांगल्या चांगल्या प्रयोगशाळाही चकतात. का चकतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

चावा बरा झाला, मग ताप कशाचा?

असे समजा, की नववीतला एक मुलगा गणपतीच्या हंगामात रात्री कारखान्यातच झोपला. पहाटे उंदराने त्याच्या करंगळीला चावा घेतला. थेंबभर रक्त आले. त्याने बोट कपड्याला पुसले आणि तो पुन्हा झोपी गेला. चार दिवसांत जखम भरून आली. घरी कोणाला सांगण्याचे कारणच पडले नाही.

आठवड्याने त्याला हुडहुडी भरून ताप आला. डोके दुखू लागले, उलटी झाली. दोन-तीन दिवसांनी तळहातांवर आणि तळपायांवर तांबडे ठिपके उमटले. गुडघे, मनगटे सुजली आणि दुखू लागली.

पावसाळ्याचे दिवस. डॉक्टरांच्या मनात प्रथम काय येईल? मलेरिया, डेंगी, विषमज्वर, नाहीतर लेप्टोस्पायरोसिस. हा शेवटचा रोगही उंदरांपासूनच येतो, पण तो उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्याचिखलातून. प्लेगचेही उंदराशी नाते आहे, पण तेथे माणसाला बहुधा चावते ती उंदरावरची पिसू. आपल्या मुलाला झालेला आजार या सर्वांहून वेगळा. त्याचे जंतू उंदराच्या तोंडातून थेट जखमेत आणि जखमेतून रक्तात गेले. या आजाराला उंदीरदंश ज्वर म्हणतात.

हा ताप दुर्मिळ आहे, पण क्षुल्लक नाही. उपचार झाले नाहीत, तर दर १० रुग्णांपैकी सुमारे १ दगावतो. कधी जंतू हृदयाच्या झडपांवर ठाण मांडतात, आणि मग धोका फारच वाढतो. उलट, रोग वेळीच ओळखला तर साध्या पेनिसिलीनने तो बरा होतो. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्यात आपल्याकडे प्रथम मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले, तेच हे औषध. औषध हाताशी आहे. अडचण आहे ती रोग ओळखण्याची.

एक नाव, दोन जंतू

उंदराच्या चाव्याने ताप येतो, ही माहिती आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात ‘मूषिककल्प’ नावाचा एक स्वतंत्र अध्यायच आहे. त्यात उंदरांचे अठरा प्रकार सांगितले असून, त्यांच्या विषाने गाठी, सूज, अंगावर मंडले, सांधेदुखी आणि ज्वर होतो असे वर्णन आहे. जपानमध्ये या आजाराला ‘सोडोकू’ म्हणत. ‘सो’ म्हणजे उंदीर आणि ‘डोकू’ म्हणजे विष. दोन्ही देशांतल्या वैद्यांनी चावा आणि ताप यांचा संबंध अचूक जोडला होता. मात्र विषाच्या जागी सजीव जंतू आहे, हे कळायला सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली.

या गोष्टीतले एक महत्त्वाचे पाऊल आपल्या मुंबईत पडले. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे नाव तुम्ही पुढे वैद्यकाकडे गेलात तर नक्की ऐकाल. १८५८ साली निघालेल्या ग्रे यांच्या शरीररचनेवरील जगप्रसिद्ध ग्रंथातील चित्रे त्यांनी काढली होती. त्याच वर्षी ते मुंबईस आले आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागले. मधली काही वर्षे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. १८७७ च्या दुष्काळात उपाशी माणसांचे लोंढे मुंबईत आले आणि त्यांच्याबरोबर उलटून उलटून येणारा एक तापही आला. कार्टर यांनी त्या रुग्णांच्या रक्तात मळसूत्राच्या आकाराचे जंतू पाहिले आणि १८८२ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. या कामात त्यांना स्वतःलाही तो ताप येऊन गेला.

रक्ताचा थेंब पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही, अशी सवय लागलेल्या या डॉक्टरांनी उंदरांचे रक्तही तपासले. एका उंदराच्या रक्तात त्यांना फार लहान, आखूड वेटोळ्यांचा, चपळ जंतू दिसला. १८८७-८८ च्या सुमारास त्यांनी त्याविषयीचे टिपण प्रसिद्ध केले आणि १८८८ मध्ये ते निवृत्त होऊन मायदेशी गेले. उंदराच्या चाव्याने येणाऱ्या तापाशी या जंतूचा संबंध असेल, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. १९१५-१६ च्या सुमारास जपानमध्ये फुताकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सोडोकूच्या रुग्णांत असाच जंतू सापडला, आणि पुढे त्याची ओळख कार्टर यांच्या जंतूशी पटली. आज त्याला स्पायरिलम मायनस म्हणतात.

इकडे युरोप-अमेरिकेत निराळाच जंतू हाती येत होता. १९१४ साली जर्मनीत शॉटम्युलर यांना आणि १९१६ साली अमेरिकेत फ्रान्सिस ब्लेक यांना उंदीर चावलेल्या रुग्णांच्या रक्तातून तो मिळाला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे लांब धागे दिसतात आणि धाग्यांवर मधूनमधून मण्यांसारखे फुगवटे असतात. म्हणून त्याचे नाव पडले स्ट्रेप्टोबॅसिलस मॉनिलिफॉर्मिस. लॅटिनमध्ये ‘मॉनिले’ म्हणजे गळ्यातला हार. या जंतूने चावल्याविनाही रोग होऊ शकतो. १९२६ साली अमेरिकेतील हेव्हरहिल या गावी ८६ माणसे एकदम आजारी पडली, तेव्हा दूषित दुधाचा संशय आला होता.

तेव्हा उंदीरदंश ज्वर हे नाव एक, पण जंतू दोन. आशियात स्पायरिलम अधिक आढळतो, अमेरिकेत स्ट्रेप्टोबॅसिलस. आपल्या मुलाची लक्षणे दुसऱ्या जंतूकडे बोट दाखवतात. चावा लवकर भरणे, आठवड्याच्या आसपास ताप येणे आणि सांधे सुजणे ही त्याची खूण. स्पायरिलमचा ताप एक ते तीन आठवड्यांनी येतो. भरलेली जखम पुन्हा सुजते, चिघळते, जवळच्या गाठी वाढतात आणि ताप थोडे दिवस येऊन उतरतो व पुन्हा उलटतो.

पाचशे कोटींत दहा

आता आपण प्रयोगशाळेत जाऊ. रक्तात जंतू आहेत, तर थेंबभर रक्त काचपट्टीवर पसरून पाहिले की झाले, असे तुम्हांला वाटेल. मलेरियाचे परजीवी असे दिसतातही. पण थोडा हिशेब करा. एक मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशी सुमारे ५०० कोटी असतात. अंगात ताप फणफणत असतानाही तेवढ्या रक्तात जंतू पुष्कळदा दहासुद्धा नसतात. तांदळाच्या कोठारात एक खडा शोधावा, तशी ही गत!

यावरचा उपाय शेतकऱ्याला सुचेल असाच आहे. एक दाणा दिसत नसेल, तर तो पेरायचा आणि उगवू द्यायचा. रुग्णाचे काही मिलिलिटर रक्त, कातडी जंतुनाशकाने नीट पुसून, निर्जंतुक सुईने काढतात आणि पोषक द्रव भरलेल्या बाटलीत सोडतात. ही बाटली माणसाच्या शरीराएवढ्या उबेत, म्हणजे सुमारे ३५ ते ३७ अंश सेल्सियस तापमानात, उबवणी पेटीत ठेवतात. याला रक्तसंवर्धन म्हणतात. नेहमीचे जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात असे धरा. एकाचे दोन, दोनांचे चार असे २० वेळा झाले की दहा तासांत एका जंतूचे दहा लाखांहून अधिक जंतू होतात. गुणाकार स्वतः करून पाहा. मग द्रव गढूळ होतो. त्यातला थेंब काचपट्टीवर घेऊन ग्रॅम पद्धतीने रंगवतात. जांभळे दिसणारे जंतू एका गटातले, गुलाबी दिसणारे दुसऱ्या गटातले. पुढे आगराच्या बशीत त्यांच्या वसाहती वाढवून त्यांची जात ठरवतात आणि कोणते औषध त्यांना मारते तेही पाहतात.

हे रक्त प्रतिजैविक देण्यापूर्वी काढणे चांगले. दोन गोळ्या पोटात गेल्या, की रक्तातले थोडे जंतूही अर्धमेले होतात आणि बाटलीत उगवत नाहीत. रोग मात्र पुरता गेलेला नसतो.

बाटलीतला अडथळा

आता मुख्य गोष्ट ऐका. बाटलीत रक्त गोठून त्याची गाठ झाली, तर जंतू तिच्यात अडकतील. शिवाय रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि काही प्रथिने बाटलीतही जंतूंना मारीत राहतील. म्हणून संवर्धनाच्या बाटलीत सोडियम पॉलिअ‍ॅनेथॉल सल्फोनेट नावाचे रसायन अगदी थोडे घातलेले असते. ते रक्त गोठू देत नाही आणि रक्ताच्या मारक शक्तीला लगाम घालते. बहुतेक जंतूंच्या दृष्टीने ही मोठीच सोय. पण माळेसारख्या दिसणाऱ्या आपल्या स्ट्रेप्टोबॅसिलसला हेच रसायन सोसत नाही. बाटलीत असते त्याहून कमी प्रमाणातही ते त्याची वाढ रोखते.

परिणाम काय होतो पाहा. मुलाचे रक्त नेहमीच्या बाटलीत जाते. तंत्रज्ञ आपले काम काटेकोर करतो. बाटली पाच दिवस उबेत राहते. द्रव स्वच्छच राहतो. अहवाल येतो: ‘जंतूंची वाढ आढळली नाही.’ अहवालात एक अक्षरही खोटे नाही, आणि तरीही जंतू मुलाच्या रक्तात आहे.

चावल्याची माहिती आधी मिळाली, तर काम साधते. मग रक्त सायट्रेट घातलेल्या नळीत घेतात आणि ते रसायन नसलेल्या, रक्त किंवा रक्तद्रव घालून अधिक कसदार केलेल्या माध्यमात पेरतात. हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण ५ ते १० टक्के ठेवतात. दोन ते सहा दिवसांत बाटलीच्या तळाशी बसलेल्या तांबड्या पेशींवर कापसाच्या कणांसारखे किंवा पावाच्या चुऱ्यासारखे पांढरे पुंजके दिसू लागतात. वरचा द्रव स्वच्छच राहतो. त्यामुळे गढूळपणाची वाट पाहणाऱ्याच्या हातून तो येथेही निसटेल. पुंजका अलगद उचलून रंगवला, की ते मण्यांचे धागे दिसतात.

पेरला तरी न उगवणारा

स्पायरिलमची तऱ्हा आणखी निराळी. प्रयोगशाळेतल्या कोणत्याही कृत्रिम माध्यमात तो खात्रीने वाढवता आलेला नाही. तेथे पेरणीचा उपाय चालत नाही. त्याला प्रत्यक्षच पाहावे लागते. त्यासाठी अंधारक्षेत्र सूक्ष्मदर्शक वापरतात. कौलातून कवडसा आला की एरवी न दिसणारे धुळीचे कण चमकताना तुम्ही पाहिले असतील. हाच युक्तिवाद येथे केलेला असतो. प्रकाश सरळ डोळ्यांत न येता बाजूने पडतो, पार्श्वभूमी काळी राहते आणि जंतू त्या काळोखात चमकतो. जखमेतला स्राव किंवा सुजलेल्या गाठीतला द्रव घेऊन असे पाहिले, तर सुमारे ३ ते ५ मायक्रोमीटर लांबीचे, दोन-तीन वळणांचे जंतू झपाट्याने इकडून तिकडे जाताना दिसू शकतात. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रक्तात ते थोडे असतात. म्हणून रुग्णाचे रक्त प्रयोगशाळेतील निरोगी उंदराला किंवा गिनीपिगला टोचून, पुढील काही आठवडे त्या प्राण्याचे रक्त तपासण्याचीही पद्धत आहे. मात्र त्या प्राण्याच्या रक्तात हा जंतू मुळातच नाही ना, हे आधी पाहून घ्यावे लागते. कारण काय, ते कार्टर यांचा उंदीर आठवला की लक्षात येईल!

कुत्र्यामांजरांच्या तोंडचे जंतू

असे जंतू केवळ उंदराच्याच तोंडात नसतात. मांजराचे दात सुईसारखे. जखम दिसते लहान पण जाते खोल. मांजर चावल्यावर चोवीस तासांच्या आत जागा लाल होऊन ठणकू लागली, तर पाश्चुरेला मल्टोसिडा या जंतूचा संशय येतो. याच्या घराण्याला लुई पाश्चर यांचे नाव दिलेले आहे. हा रक्त घातलेल्या आगरावर सहज उगवतो.

कुत्र्याच्या चाव्यातून येणारा एक जंतू १९७६ साली प्रथम वर्णिला गेला आणि १९८९ साली त्याला नाव मिळाले कॅप्नोसायटोफॅगा कॅनिमॉर्सस. नाव जिभेला जड असले तरी अर्थ सरळ आहे: पहिला शब्द सांगतो की याला वाढायला कार्बन डायऑक्साइड हवा, आणि दुसऱ्याचा अर्थ ‘कुत्र्याचा चावा’. पुष्कळ निरोगी कुत्र्यांच्या तोंडात तो मुक्कामाला असतो आणि बहुतेक माणसांना काहीच करीत नाही. पण ज्यांची पाणथरी, म्हणजे प्लीहा, अपघातामुळे किंवा आजारामुळे काढून टाकलेली आहे, त्यांना त्याच्यापासून फार धोका असतो. रक्तातले जंतू गाळून नष्ट करण्याचे काम प्लीहा करते; तीच नसेल तर जंतूंना रान मोकळे. जास्त मद्यपान करणाऱ्यांनाही हा धोका असतो. हा जंतू फार सावकाश वाढतो. कधी आठवडा उलटला तरी वाढ दिसत नाही. म्हणून ‘कुत्रा चावला होता, प्लीहा नाही’ एवढे कळले, तर प्रयोगशाळा बाटली लवकर टाकून न देता अधिक दिवस उबेत ठेवते आणि रुग्णाच्या रक्ताची काचपट्टीही बारकाईने पाहते. अशा रुग्णात पांढऱ्या पेशींच्या पोटात लांबट, टोकदार जंतू दिसल्याच्या नोंदी आहेत.

अलीकडे आणखी एक साधन आले आहे. प्रत्येक जंतूच्या पेशीत काही जनुके असतात. पीसीआर या तंत्राने अशा जनुकाचा ठराविक तुकडा लक्षावधी पटींनी वाढवून वाचता येतो. जंतू उगवला नाही, किंवा औषधाने मेला, तरी त्याचा हा ठसा सापडू शकतो. मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत ही सोय असते. मात्र कोणत्या रुग्णाचा नमुना तिकडे पाठवायचा, हे ठरवायलाही कोणाला तरी चाव्याचा संशय यावा लागतो.

डॉक्टरांना काय सांगाल?

आतापर्यंत आपण जेवढे पाहिले त्याचे सार असे, की ‘जंतू आढळला नाही’ या वाक्याचा अर्थ ‘आम्ही ज्या रीतीने शोधला त्या रीतीने आढळला नाही’ एवढाच असतो. कोणत्या रीतीने शोधायचे ते प्रयोगशाळेला डॉक्टर सांगतात, आणि डॉक्टरांना रुग्ण सांगतो. आपल्या गोष्टीतल्या मुलाला डॉक्टरांनी विचारले, “या पंधरा दिवसांत काही चावलं होतं का रे? कुत्रा, मांजर, उंदीर?” तेव्हा त्याने भरून आलेली करंगळी पुढे केली, तर तपासाची सगळी दिशाच बदलते.

कोणताही प्राणी चावला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट असे काही भरू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कुत्रा किंवा मांजर चावले असेल, तर रेबीजची लस लगेच सुरू करावी लागते. रेबीजचा विषाणू रक्तातून नव्हे, तर मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. धनुर्वाताची लस हवी की नको, हेही डॉक्टर ठरवतील. घरातली उरलेली प्रतिजैविके आपल्या मनाने घेऊ नका.

शेवटी वर्गात करण्याजोगे एक काम. पोस्टकार्डाएवढा कागद घ्या आणि त्यावर पाच रकाने आखा: कोणता प्राणी, कोणत्या तारखेला, शरीरावर कोठे, जखम कशी धुतली, कोणती लस घेतली. खाली दोन ओळी मोकळ्या ठेवा. ताप, पुरळ किंवा सांधेदुखी आली तर त्याची तारीख तेथे लिहायची. शिक्षकांनी अशी कार्डे मुलांकडून करवून घ्यावीत आणि प्रत्येकाने एकेक घरी न्यावे. मूर्तीच्या कारखान्यात, गोदामात, गोठ्यात किंवा शेतावर काम करणारे कोणी घरात असेल, तर त्यांना ते समजावून सांगा. उंदीर चावल्याची गोष्ट कोणी हसण्यावारी नेली, तर त्या दिवसाची तारीख तुम्ही लिहून ठेवा. महिनाभरात त्यांना ताप आला, तर डॉक्टरांना दाखवायला तो कागद बरोबर न्या.